सबंध जायफळ मिळणार नाही

अण्णांच्या दुकानात जायफळ मागायला गेलेल्या माणसाची आधी उलटतपासणी व्हायची. हिंग मागा, सुंठ मागा, ओवा मागा, अण्णा एक अक्षर न बोलता पुडी बांधून द्यायचे. जायफळ म्हटलं की हातातला तराजू खाली.

"कशाला पायजे?"

"श्रीखंडाला, अण्णा."

"कवा करनार?"

"उद्या की. पाडवा न्हाय का?"

"चक्का टांगलाय?"

"टांगलाय! काय पोलीस हाय का काय तुमी?"

"मग किसून देतो. सुनेचं बाळ पाळण्यात हाय न्हवं तुमच्या? सबंध मिळनार न्हाय."

आणि खरोखरच गल्ल्यामागची पितळी किसणी काढून ते श्रीखंडापुरतं जायफळ किसायचे, कागदाची चिमुकली पुडी करून द्यायचे आणि उरलेलं जायफळ पुन्हा बरणीत टाकायचे. बाई तणतणत जायची. पुढच्या सणाला पुन्हा यायची, कारण अण्णांसारखं जायफळ तेव्हा मंगळवार पेठेत दुसरीकडे मिळत नव्हतं. कीड लागलेलं, पोकळ वाजणारं जायफळ ते विकत नसत. प्रत्येक नग कानाशी नेऊन हलवून बघायचे. आत खुळखुळलं की "हे म्हातारं झालं" म्हणून बाजूला.

शिवलिंगाप्पा हे त्यांचं खरं नाव. काष्ठौषधींचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं आणि आमची भाड्याची खोली त्याच्या मागच्याच अंगाला. ठेंगणे, रुंद, मिशीला मेंदी लावणारे. मेंदीचा रंग कधी नारिंगी यायचा, कधी तांबडालाल, आणि त्यावर कुणी हसलं तर त्याला त्या दिवशी माल मिळायचा नाही. गल्ली त्यांना तोंडावर अण्णा म्हणायची आणि पाठीमागे जायफळ्या. त्यांना ते ठाऊक होतं. "सुपारी म्हनत न्हाईत न्हवं? मग झालं," म्हणायचे.

मी यवतमाळकडची. सातवीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि एवढा मुलूख ओलांडून कोल्हापुरात आले. नवरा उद्यमनगरात लेथवर. घरात सासू, तिला मी आत्याबाई म्हणायची. इथली माणसं बोलायला लागली की मला वाटायचं भांडण लागलं. मी बोलले की माणसं हसायची. पहिल्यांदा एकटी दुकानात गेले तेव्हा आमच्याकडच्या सवयीनं "जायफय द्या" म्हणाले. बाकावर बसलेली दोन माणसं खो खो हसली.  पैसे मुठीत तसेच धरून परत फिरणार, तेवढ्यात अण्णा त्या दोघांवर खेकसले.

"तिच्या मुलखात असंच म्हनत्यात. बरणीतल्या जायफळाला कळलं, तुमाला कळंना व्हय? उठा बाकावरनं. गिऱ्हाइकाला बसू द्या."

त्या परक्या गावात माझ्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य. बाकावर मी बसले नाही ती गोष्ट वेगळी. बसायची हिंमत नव्हती. पण त्या दिवसापासून दुकानासमोरून जाताना माझी मान थोडी वर असायची.

अण्णांना रागावल्याशिवाय बोलता यायचं नाही. प्रेमाची गोष्टही ते भांडल्यासारखी सांगत. श्रीखंडात नुसती वेलची घालणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "वेलदोडा म्हंजे लग्नातला बँडवाला. आवाज मोठा, काम काय न्हाय. जायफळ म्हंजे घरातली थोरली बाई. दिसत न्हाय, पन ती नसली की जेवान बिघडतंय." पुरणात किती, बासुंदीत कधी, कॉफीत उतरवताना की उकळताना, यावर ते तासभर वाद घालत. मटणाच्या मसाल्यात जायफळ टाकणाऱ्यांना ते अडाणी म्हणत. त्यांच्या मते तिथं फक्त त्याच्यावरची जायपत्री हवी. यात ते बरोबर होते की नाही मला माहीत नाही. आमच्या गल्लीत दोन्ही घालत आणि रस्सा भुरकून पीत. कपाळावर जायफळाचा लेप लावला की कुठलीही डोकेदुखी जाते, असंही त्यांचं ठाम मत होतं. माझ्या नवऱ्याची कधीच गेली नाही. तसं सांगितलं तर म्हणाले, "त्याचं डोकं न्हाय दुखत, त्याला तुझं ऐकायचं नसतंय."

जायफळाचं झाड आपल्या डोळ्यांनी पाहिलेला गल्लीतला एकच माणूस म्हणजे ते. कोकणात एका नातलगाच्या बागेत त्यांनी ते पाहिलं होतं. फळ पिकलं की आपोआप मधोमध कसं उकलतं, आत काळपट बी आणि तिच्यावर तांबडी जाळी कशी लपेटलेली असते, हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. त्यांचा आवाज खाली आलेला मी तेवढ्याच वेळी ऐकला. तिथून परत येताना त्यांनी डालड्याच्या डब्यात एक रोप आणलं. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, लगेज पडेल.

"लगेज कसलं? जित्तं हाय ते. मानसाचं तिकीट फाड आन् बसायला जागा दे."

कंडक्टरनं चेष्टेनं तिकीट फाडलं. अण्णांनी डबा खिडकीजवळच्या जागेवर ठेवला. घाटात गाडी भरली. एक गृहस्थ डबा उचलायला लागले तर अण्णा म्हणाले, "पावणं, त्याचं तिकीट काढल्यालं हाय. तुमी उभं ऱ्हावा." ही गोष्ट मी खुद्द त्यांच्या बायकोकडून, अक्कांकडून ऐकली. शरमेनं त्या प्रवासभर पदर तोंडावर घेऊन बसल्या होत्या.

ते रोप दुकानामागं, आमच्या खोलीच्या दाराजवळ लावलेलं होतं. मी आले तेव्हा माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. उन्हाळ्यात अण्णा त्याला गोणपाटाचा आडोसा करायचे. पान चुरगाळलं की हाताला वास यायचा. माझी मुलगी झाली त्याच सुमाराला झाड फुललं आणि कुणा जाणकारानं सांगितलं, हे नराचं झाड आहे, याला फळ धरायचं नाही. गल्ली दोन दिवस हसत होती. तोडा आता, मोरीला जागा होईल, असा सल्लाही आला. अण्णा कडाडले, "पोराला पोर न्हाय झालं तर घराभायेर काढताय व्हय रं?" झाड राहिलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले, ती सांगते. तिला बारा-पंधरा वर्षं उलटली तरी माझा राग निवलेला नाही.

आमच्याकडे तान्ह्या मुलाला गुटी देतात. सहाणेवर आईच्या दुधात एकेक औषध उगाळायचं: बाळहिरडा, वेखंड, मुरुडशेंग, हळद. प्रत्येकाचे वेढे ठरलेले, आणि जायफळाचा वेढा सगळ्यात कमी. ते फिरवलं न फिरवलं असं करायचं. पण जायफळानं मूल झोपतं, हेही प्रत्येक घराला ठाऊक. ज्या घरात बाईचे हात रिकामे हवे असतात, त्या घरात जायफळाचा वेढा हळूहळू वाढतो. कुणी ठरवून करत नाही. आज मूल जास्त रडलं, आज काम जास्त होतं, म्हणून एक वेढा वाढतो आणि मग तोच ठरलेला होतो. अण्णांचा सगळा राग या वाढलेल्या वेढ्यावर होता. पाळण्याच्या घरात सबंध जायफळ द्यायचं नाही, हा नियम त्यातूनच आलेला. कुणी म्हणायचं त्यांचं स्वतःचं लेकरू असंच गेलं असेल. मी एकदा धीर करून विचारलं. माझ्यावरच डोळे वटारले. "कायतरी घडल्याबिगर मानसाला कळू नये व्हय? कारण लागतंय?"

आत्याबाईंचं माहेर हुपरी. त्यांचा भाऊ चांदीचे पैंजण करायचा आणि घुंगरं जोडायचं काम एस.टी.नं आमच्याकडे पाठवायचा. लग्नसराई होती. पैंजणांचा ढीग पडलेला, आत्याबाई आणि मी सकाळपासून चिमटे घेऊन बसायचो. सुनीता तीन-साडेतीन महिन्यांची. पोटात दुखायचं तिला, सारखी रडायची, आणि ती रडली की माझा हात थांबायचा. आत्याबाई अण्णांकडे गेल्या. मी दारातून ऐकत होते.

"एक जायफळ द्या."

"पोरगी रडती म्हनून?"

"गुटीला लागतंय."

"गुटीत घालायचं तेवढं तुमच्या घरात महिनाभर पुरंल एवढं मी मागंच उगाळून वाळवून दिलंय, वैनी. ते संपलं? कसं संपलं?"

"तुमी दुकान मांडलंय का कोर्ट?"

"पोट दुखतंय तिचं. ओव्याची पुरचुंडी करून शेका. ओवा फुकट नेवा. जायफळ न्हाय."

"गावात दुसरी दुकानं हायत," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्या पौर्णिमेला नृसिंहवाडीला गेल्या तेव्हा तिथल्या बाजारातून दोन सबंध जायफळं घेऊन आल्या. प्रसादाच्या पिशवीतच होती. मी पाहिली. "आत्याबाई, अण्णा नको म्हणत होते," एवढं म्हटलं. त्या म्हणाल्या, "अण्णा काय दत्त हाय?"

मग पोर झोपायला लागली. दोन दिवस घर शांत, कामाचा ढीग उतरला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिची दूध प्यायची वेळ झाली, माझा पदर ओला झाला, तरी ती उठेना. तोंड लाल, ओठ कोरडे, हात उचलला तर परत पडायचा. मी हलवलं, हाका मारल्या.

"कशाला उठीवतीस? गुनाची झोपलीया," आत्याबाई चिमट्यावरची नजर न हलवता म्हणाल्या.

मी पोर उचलली आणि अनवाणी पळाले. नवरा कामावर, ओळखीचं कुणी नाही, डॉक्टर कुठं बसतो ते माहीत नाही. दुकान तेवढं माहीत होतं. अण्णांनी पोरीच्या तोंडाशी नाक नेलं. एकदाच. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी, गल्ला उघडा, तराजूत ज्येष्ठमध तसंच. तसेच उठले. पोर माझ्या हातातून घेतली, रस्त्यावर जाऊन रिक्षेच्या पुढ्यात उभे राहिले.

रस्ताभर ते तिचे तळपाय चोळत होते आणि तिला शिव्या घालत होते. माझ्या पोरीला. "ए भवाने, डोळं उघड! झोपायला आलीस व्हय? ऊठ! ऊठ की!" रिक्षावाला घाबरून मागं बघायचा तर त्याला वेगळ्या शिव्या. मला वाटलं होतं ते काहीतरी उतारा देतील, एवढी बरण्यांची भिंत त्यांच्याकडे. पुढं कधीतरी विचारलं तर म्हणाले, "त्या टायमाला माझ्या बरण्या काय चाटायच्या हुत्या?"

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय दिलं?  घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं नाव कसं घ्यायचं? रिक्षात मी अण्णांना सांगितलं होतं; त्यांनी स्पष्ट सांगितलं, जायफळ, दोन-तीन दिवस, रोज जास्त. बाई त्यांच्यावरच भडकल्या, तुम्ही लोक कधी सुधारणार म्हणून. अण्णांनी ते सगळं अंगावर घेतलं. मी दिलेलं नाही, असं चकार शब्दानं म्हणाले नाहीत. फक्त, "बोला, पायजे तेवढं बोला, पन हात चालू ठेवा," म्हणाले. बाईंचे हात चालूच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीतानं डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. अण्णा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. ते रडणं ऐकून उठले, धोतर झटकलं आणि दुकान उघडायला निघून गेले.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पोर वाचली, ज्यानं वाचवली त्याच्या दारात नारळ ठेवायचा, झालं. पण आम्ही घरी येण्याआधीच गल्लीत बातमी पसरली होती की अण्णांच्या दुकानातल्या विषारी जायफळानं पोर मरता मरता वाचली. पसरवली कुणी? आमच्याच घरानं. आत्याबाईंनी. भावाला कळलं तर काम बंद होईल, मुलगा घराबाहेर काढील, चार बायका तोंडावर थुंकतील, या भीतीनं. भीती मला समजते. मी तर जन्मभर भ्यालेलीच. पण भ्यालेल्या माणसानं दुसऱ्याच्या दारात घाण टाकावी का?

आणि गल्ली! त्या गल्लीतली एकही बाई अशी नव्हती जिला अण्णा सबंध जायफळ देत नसत हे ठाऊक नव्हतं. प्रत्येकीची उलटतपासणी झालेली. प्रत्येकीनं तिथं बोटं मोडलेली. त्या दिवशी एकीलाही ते आठवेना. दुकानासमोर वीस-पंचवीस माणसं जमली आणि अण्णा पायरीवर उभे राहून ओरडत होते, "माज्या हातनं पाळण्याच्या घरात सबंध जायफळ गेल्यालं एक तरी सांगा! एक तरी!"

 उलट एक जण म्हणाला, "मग एवढी विचारपूस कशाला करत हुता? मालात खोट असल्याबिगर कोन भितंय?"

म्हणजे काळजी घेतली तोच पुरावा! मी गर्दीत घुसले. कडेवर सुनीता. उभ्या आयुष्यात मी चार माणसांत बोलले नव्हते.  म्हणाले, "अण्णांनी नाही दिलं. वाडीहून आणलं आत्याबाईंनी. म्या पाह्यलं. अण्णांनी तं पोरीले वाचवलं हो!"

पुन्हा तेच हसू. 'पोरीले' ऐकून हसले. एका बाईच्या पोरीच्या जिवाची गोष्ट चालली आहे आणि यांना तिची बोली ऐकून हसू येतं. आत्याबाई मागून म्हणाल्या, "बाळंतीण हाय, वऱ्हाडची हाय, डोकं ठिकाणावर न्हाय तिचं." तालमीतले वडीलधारे मध्ये पडले आणि निवाडा काय दिला? "बायकांचं भांडण हाय, सोडून द्या अण्णा, मिटवा." काय मिटवायचं? त्यांनी काय केलं होतं?

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं उरलेलं जायफळ आणि अर्धं झिजलेलं दुसरं गटारात फेकलं. आईला मात्र एक शब्द बोलला नाही. "म्हातारी हाय," एवढंच. कोल्हापूरची माणसं तोंडावर बोलतात म्हणून एवढी नावाजलेली. त्या दिवशी सगळ्या गल्लीची दातखीळ बसली.

वर्षभरात समोरच्या बाजूला नवीन किराणा दुकान निघालं. तिथं जायफळ काचेच्या बरणीत बाहेरच ठेवलेलं. कितीही घ्या, काही विचारत नव्हतं कुणी. अण्णांकडची गर्दी तिकडे गेली. बाक रिकामा पडला. मी मात्र हिंगापासून सगळं त्यांच्याकडूनच आणायची, आणि आता त्या बाकावर बसायची. आत्याबाई बोलायच्या. बोलू दे.

पुढं म्हातारपणी आत्याबाईंना जुलाबाचा त्रास जडला. मला म्हणाल्या, अण्णाकडनं जायफळ उगाळून आण, त्याच्याकडचंच आण, समोरचं पोकळ असतंय. माझं टाळकं सणकलं. तरी गेले, आजारी माणूस म्हणून. अण्णांनी विचारपूस केली: ताप आहे का, पाणी पोटात राहतं का, पाणी उकळून देतेस का. मग ताकातून द्यायला थोडंसं उगाळून दिलं. दोन दिवसांत थांबलं नाही तर दवाखान्यात ने, म्हणाले.

"अण्णा, त्यांनी तुमचं नाव खराब केलं. तुम्ही एक शब्द तरी ऐकवा."

"पोट बिघडलंय तिचं, त्याचं औषध दिलं. तोंडाचं औषध माझ्या दुकानात न्हाय."

मला त्यांचाही राग आला त्या दिवशी. एवढा तापट माणूस, एस.टी.तल्या पाहुण्याशी भांडणारा, स्वतःसाठी का भांडत नाही? मी तसं म्हणाले. तर माझ्यावरच खेकसले, "स्वतासाठी भांडाय वेळ कुठं हाय? तिकडं बघ, कोन काय घिऊन चाललंय!"

आत्याबाई गेल्या. जाताना पंढरीचं, वाडीचं, सगळ्या देवांचं नाव घेतलं. अण्णांचं घेतलं नाही. मी शेवटपर्यंत वाट पाहत होते.

चौऱ्याऐंशीच्या आसपास नवऱ्याला पुण्याकडच्या कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. टेंपो गल्लीच्या तोंडाशी उभा. सुनीताला घेऊन अण्णांच्या पाया पडायला गेले. मिशीची मेंदी सुटलेली, सगळी पांढरी. सुनीताचं डोकं त्यांच्या पायावर टेकवलं.  ते म्हणाले, "जावा आता. टेंपोवाल्याला मीटर हाय व्हय थांबायला?" आणि तराजू पुसायला लागले.

टेंपो निघाला. मी मागं सामानावर बसले होते, त्यामुळे मला दुकान दिसत राहिलं. समोरच्या किराणा दुकानातून एक तरुण बाई पिशवी घेऊन बाहेर पडली. कडेवर तान्हं मूल, टोपड्यातलं. अण्णांनी तराजू ठेवला. गुडघ्यावर हात दाबून पायरी उतरले, सायकली चुकवत रस्ता ओलांडून तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. किराणावाला गल्ल्यावरून हात झटकून काहीतरी ओरडला. दोन पोरं हसली. अण्णांनी तिकडं पाहिलंही नाही. त्या बाईच्या पिशवीकडे बोट करून ते विचारत होते. काय विचारत होते ते मला इतक्या लांबून ऐकायची गरज नव्हती.

बाई आधी कपाळाला आठ्या घालून बघत राहिली. मग तिनं पिशवी रस्त्यावर खाली ठेवली, मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत हात घालून काहीतरी शोधायला लागली.

टेंपो वळला.